माया

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये एप्रिलचे बारा वाजले की
पत्र्याखाली कापडसुद्धा घामेजतं.
मी काज-बटनावर बसते. समोर चिप्पा मास्तर,
लांब टेबल, खडू, आणि त्यांची ती कात्री
जिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नाही.

आम्ही गणवेश शिवतो.
देशोदेशीच्या शाळांचे. नावं वाचता येत नाहीत,
बिल्ले मात्र पाठ झालेत:
खजुराचं झाड, उघडं पुस्तक, एक बोट.
त्या बोटीच्या शाळेचे आधी नऊशे जायचे.
मग चारशे.
मग शेठ म्हणाले, यंदा बावीस नंबर नकोत,
तिथं गडबड चालू आहे.
बावीस म्हणजे बालवाडी.
कापून झालेला एक गठ्ठा राहिला तसाच, जिन्याखाली.
मांजर व्याली त्यात.

परवा वेगळंच सॅम्पल आलं.
हिरवट, तपकिरी, डागाडागांचं कापड. सहा खिसे. डबल शिलाई.
नंबर अठ्ठावीस, तीस.
आम्ही हसलो. गॅदरिंगला घालतात ना पोरं असलं,
माझ्या वंशीनं पण घातलेलं सव्वीस जानेवारीला,
काजळाच्या मिशा काढून,
आणि भाषण विसरून स्टेजवरच रडलेला.

मास्तर हसले नाहीत.
त्यांनी शर्टाच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.
तिथं जाड गादी शिवलेली. डावा खांदा साधा.
"दप्तरासाठी असेल," कुणीतरी म्हणालं.
"दप्तर दोन खांद्यांवर असतं बे."

मग त्यांनी पँटची मोहरी उलटी केली,
चष्मा कपाळावर सारून
शिवण डोळ्याजवळ नेली,
आणि बऱ्याच वेळानं म्हणाले,
"माया सोडलेली नाही."

ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी सांगते:
पोराचं कापड बेतताना आत दोन इंच जास्तीचं दुमडतात.
जूनमध्ये मोहरी घोट्यावर लोळते, दिवाळीनंतर वर चढते,
मग कुठलीतरी आई जेवणं झाल्यावर ती उसवून खाली घेते.
जुन्या दुमडीची रेघ कितीही धुतली तरी जात नाही.
शाळेत रांगेत उभी असलेली पोरं बघा,
रेघा मोजता येतात.
ह्या पँटीत ती जागाच नव्हती.
बेतणाऱ्याला माहीत होतं,
हे पोर वाढणार नाही.

शेठ खाली आले. माणूस वाईट नाहीत.
तीस मशीन आहेत, बँकेचे हप्ते आहेत.
म्हणाले, "आपण कापड विकतो मास्तर, गोळी थोडीच."
मास्तरांनी कात्रीला तेल लावलं,
फडक्यात गुंडाळली, डब्याशेजारी पिशवीत ठेवली
आणि दोन वाजता, भर उन्हात, सायकल काढली.

चौथ्या दिवशी शेठनी सॅम्पल परत पाठवलं.
म्हणजे, पाठवलं असं म्हणतात.
दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या टेबलावर
ते कापलं गेलं असेल. आम्हाला कोण सांगणार?
मास्तर सोमवारी आले. तीन दिवसांचा पगार कापला गेला.
त्यावर ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.
जिन्याखालची पिल्लं तेवढी बघून आले.

ते निघून गेले त्या रात्री
विडी घरकुलात लाइट नव्हती.
मोबाइलच्या उजेडात मी टेप घेऊन वंशीला उभं केलं.
हात वर कर, म्हटलं.
त्यानं दोन्ही हात वर केले, अगदी सरळ,
आणि माझ्या पोटात गोळा आला.
खाली घे, खाली घे रे, म्हटलं, तसंच मोजते.
अठ्ठावीस.
गुदगुल्या होतात म्हणून तो वाकडातिकडा होत होता,
टेप सारखी सरकत होती.

जूनची पँट मी घरीच शिवणार आहे.
तीन इंच सोडीन, चार सोडीन.
मोहरी जाड दिसेल.
दिसू दे.