बोडकं अक्षर

ऑगस्टात गिरेसुनचे रस्ते वाळत घातलेले असतात.
म्हणजे हेझलनट. पण पाय ठेवायला जागा नसली की
रस्ताच वाळतोय असं वाटतं:
शाळेच्या मैदानात, न्हाव्याच्या दुकानापुढे,
समुद्रावरून धुकं आलं की ताडपत्रीखाली.

सहकारी संघाच्या काट्यापाशी
सोमवारी सकाळी सात वाजता एकोणीस ट्रॅक्टर,
आणि पडद्यावर पाचशे.
किलो नव्हे. नुसतं पाचशे.
सर्व्हरने हात टेकल्याचा आकडा.

गुल्चिन लॉग उघडते.
नल पॉइंटर. खाली त्रेसष्ट ओळी,
कोणी कोणाला हाक मारली त्याची वंशावळ.
बासष्ट परक्यांच्या,
एक तिची: दोनशे अकरा.

तिकडे ती लगेच बघत नाही. कोण बघतं?
टॉमकॅट बंद, टॉमकॅट चालू.
चालू होत नाही, आठ हजार ऐंशीच्या दारात
जुनीच प्रोसेस पाय पसरून बसलेली.
तिला उठवते. वर्क फोल्डर झाडून काढते.
एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या
एकमेकींचं तोंड न बघता नांदतायत, एकीची बोळवण करते.
कनेक्शन पूल विसाचा चाळीस.
मेमरी दुप्पट.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एस्किशेहिरहून ओर्चुन फोनवर म्हणतो,
"माझ्याकडे चालतंय."
"मग ट्रॅक्टर तुझ्याकडे पाठवू?"

काटेवाले रेजाई चहा घेऊन येतात,
कमरेत बारीक ग्लास, दोन साखरेचे खडे.
"शनिवारी जुना डबा जळाला ना,
नवा मीच बसवला," ते सांगतात, जरा ताठ होऊन.
"या खेपेला सगळं तुर्कीत ठेवलं.
आपलं मशीन, आपली भाषा."

ग्लास ओठांपर्यंत जात नाही.

कारण तुर्कीत आय हे अक्षर दोन.
एक टिंबाचं, एक बोडकं.
कॅपिटल आयला लहान कर म्हटलं
की जगातली बाकीची मशीन्स त्याच्या डोक्यावर टिंब ठेवतात.
तुर्की मशीन ठेवत नाही.
व्याकरणाने अगदी बरोबर.
आणि आयडी नावाचा रकाना शोधायला निघालेला प्रोग्राम
बोडक्या डोक्याने दारोदार हिंडतो,
या नावाचं इथे कोणी राहत नाही, ऐकतो,
रिकाम्या हातांनी परततो.
नल.

ध चा मा व्हायला कोणीतरी खोडावं लागतं.
इथे कोणी काही खोडलं नव्हतं.
एका माणसाने प्रेमाने एक पर्याय निवडला होता.

दोनशे अकराव्या ओळीत ती कंसात दोन शब्द घालते,
मध्ये एक टिंब: लोकेल, रूट.
म्हणजे, एवढ्या कामापुरता
तू कुठल्याच गावचा नाहीस.
बोटं क्षणभर थांबतात.
स्टुटगार्टला होती ती दोन वर्षं,
तिथे पगाराच्या पावतीवर तिच्या नावाची
दोन टिंबं आणि एक शेपटी नसायची.
पगार मात्र पुरता यायचा.
तिने कधी तक्रार केली नाही. करायला हवी होती का,
हे आज, एकोणीस इंजिनं धडधडत असताना,
ठरवायचं कारण नाही.

"म्हणजे भाषा चुकली?" रेजाई विचारतात. आवाज पडलेला.
"नाही काका. मी कुठली भाषा ते सांगितलंच नव्हतं.
जिथे उतरेल तिथली धरली त्याने."
ते साखरेचा खडा दाढेखाली ठेवतात, विचार करतात.
"माणसासारखंच की."

अकरा चाळीसला काटा हलतो.
पहिली पाळी इशिलबाईंची, सात गोण्या,
एक फाटकी, सुतळीने शिवलेली.
त्या पडद्याशी वाकतात, चष्मा वर करतात.
त्यांच्या नावाची दोन्ही अक्षरं बोडकी,
जन्मल्यापासून.

"कुणी टिंब तर नाही ना चढवलं?"
"नाही."
"मग लिहा वजन."