पिळायचा नाही

शिवरात्र झाली. थंडी शिव शिव म्हणत
निफाडच्या वाटेनं निघून गेली
आणि सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत
पाच स्वेटर उरले, माणसांच्या वासाचे.

यंदा ते मी धुणार.
शशिकलेची बोटं दिवाळीपासून वळत नाहीत.
मागच्या दारात खुर्ची टाकून बसलीय ती,
मांडीवर गरम पाण्याची पिशवी,
आणि मी बादली ठेवायच्या आत
तिनं ऐकवलं : पिळायचा नाही.

एकतीस वर्षं सातपूरला फिटर होतो.
हाताला शिकवण एकच, सैल दिसेल ते आवळ.
मी बंद केलेला नळ घरात दुसऱ्या कुणाला उघडत नाही.
गेल्या वर्षी मशीनमध्ये टाकलेला तिचा राखाडी स्वेटर
पाऊण तासानं बाहेर आला तो
खालच्या गायधन्यांच्या साडेचार वर्षांच्या रेणूला
बरोब्बर बसला. खांद्यातसुद्धा.
शशी तेव्हा काही बोलली नाही.
ती काही बोलत नाही तेव्हा मी न सांगता
बुधवारच्या बाजारातून भाजी आणतो.

रिठे रात्रीच भिजत घातले होते.
सकाळी कुस्करले; फेस थोडा, आवाज न करणारा.
पाणी कोमट. म्हणजे किती?
मी थर्मामीटर शोधायला लागलो.
"मनगट बुडवा," ती म्हणाली,
"पाणी आहे की नाही तेच कळू नये, इतकं."

धुण्याआधी माप. ही अक्कल मात्र माझी.
जुना पेपर फरशीवर पसरला,
लासलगावच्या कांद्याच्या भावावर
जांभळा स्वेटर निजवला
आणि सुताराच्या पेन्सिलीनं कडेकडेनं रेघ.
खांदा साडेपंधरा. डावी बाही एकवीस.
उजवी एकवीस आणि वर पाव.
"तिबेटी बाईनं फसवलं तुला," मी म्हणालो.
शरणपूर रोडला घेतला होता तिनं,
फॉल-पिकोच्या पैशांतून, नऊशेला.
एका थंडीला एवढे? असं मी विचारलं होतं.
त्याला अकरा थंड्या झाल्या.
"फसवलं नाही. स्कूटरवर मागं बसून
तो हात तुमच्या खांद्यावर असायचा.
आणि ब्रेक किती मारायचात तुम्ही."

बुडवला. दाबला, सोडला, दाबला.
पाणी जांभळं होईल वाटलं होतं, झालं करडं :
झेंडू बाम, फोडणी,
ओझरला भाच्याच्या द्राक्षबागेत
पारा चारवर आलेल्या रात्री
आम्ही सगळे ज्या शेकोटीला बसलो, तिचा धूर.
ओला स्वेटर एवढा जड असतो
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं.
खांद्यांना धरून उचलला तर
आपल्याच वजनानं लांबत जातो.
खालून दोन्ही तळवे द्यावे लागतात,
झोपलेलं मूल गाडीतून काढताना देतो तसे.

तिसऱ्या पाण्यात हात आपोआप वळले.
एक मनगट इकडं, एक तिकडं.
थांबलो.
तिची माझ्याकडं पाठ होती.
"वळवलात ना?"
"नाही."
"बरं."

मग टॉवेलात गुंडाळी. "गुडघा टेकवू?"
"तळवा."
मग आतल्या खोलीत, सावलीत, पलंगावर
तोच पेपर, तीच रेघ.
चिमटीनं ओढत ओढत रेघेपर्यंत आणला :
गळा, काखा, कमरेची पट्टी.
उजव्या बाहीचा पाव इंच
ड्रॉइंगप्रमाणे ठेवला.

इतक्यात रेणू वर आली.
बाहेर ऊन चटके द्यायला लागलेलं,
हिच्या कपाळावर घाम
आणि अंगात तो राखाडी.
"आजोबा, माझा पण धुवा."
शशी हसली, खुर्ची करकरेपर्यंत.

मी रिठ्याचं पाणी पुन्हा कोमट केलं.
नवा पेपर घेतला, टेप घेतली.
अर्ध्या पानातच मावला.