डायरेक्ट

परभणीला चैत्रातच बेचाळीस,
पत्र्यावर टाकलेला पापड आपोआप भाजावा असं ऊन,
आणि स्त्री रुग्णालयाच्या मागच्या खोलीत
कपडे वाळवायचं यंत्र थंडगार बसलेलं
पोटात ओल्या चादरी घेऊन.

"सकाळपासून ढिम्म आहे बघ," लोचनाबाई म्हणाल्या,
"बटन दाबलं की दिवा लागतो, पुढं काही नाही.
रुसलंय."

मी आधी भिंत पाहिली, यंत्र नंतर.
आमच्याकडं निम्मी दुखणी भिंतीत असतात.
तीनातला एक फेज गावभर हिंडायला जातो
आणि शिव्या खाते मशीन.
टेस्टर लावला, तिघंही घरीच होते.
दाराची खिटी दाबली, टक्.
सोडली, टक्.
दार खरं बोलत होतं.
ड्रम हातानं फिरवला,
जात्यासारखा जड, पण फिरला.

मग पाठ उघडली.

आत राखाडी तूस, गोधडीएवढं जाड,
गरम हवा जायच्या नळीत बोळा होऊन बसलेलं.
बाळंतिणींच्या चादरी, दुपटी, डॉक्टरांचे हिरवे डगले,
सगळ्यांचं थोडं थोडं झिजलेलं.
लोचनाबाईंनी चिमूट उचलून चोळली.
वीस हंगाम कापूस वेचलेली ती बोटं.
"ह्याला बोंडाचा वास नाही राहिला," म्हणाल्या.
"एकदा घरी नेऊन वाती वळल्या होत्या मी.
भक्कन पेटल्या. तेल तसंच राहिलं."

फ्यूज नखाएवढा.
मीटरच्या दोन सुया टेकवल्या,
चांगला असता तर पिपाणी वाजली असती.
वाजली नाही.
त्याला एकच काम येतं,
आच हाताबाहेर गेली की स्वतः तुटायचं,
आणि ते त्यानं केलं होतं.

लहाने साहेब दारात उभे, घड्याळ बघत.
"वॉर्डात चादरी नाहीत, फरजानाबाई.
एक तार मारा आणि डायरेक्ट करून टाका.
मागच्या वेळी तुम्हीच नव्हतं का केलं?"

तेव्हा दिसली.
थर्मोस्टॅटच्या दोन पायांवरून आडवी गेलेली लाल तार,
वर काळी पट्टी, तीन वेढे, शेवट आत खोचलेला.
अशी पट्टी अख्ख्या जिल्ह्यात मीच मारते.
दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते,
आठ दिवसांत पार्ट येईल, मग नीट करू.
पार्टची फाइल कुठंतरी सहीला गेली
आणि मी दुसऱ्या गावाच्या पंपाला.
म्हणजे दोन वर्षं ह्या नखाएवढ्यानं
एकट्यानं राखण केली.

"नाही," मी म्हटलं.
मोठ्यानं नाही म्हटलं.
लहान्यांना ते ऐकू गेलं असावं,
कारण त्यांनी घड्याळ बघायचं थांबवलं.

जालन्याच्या दुकानदाराला फोन केला.
सातच्या एस.टी.नं दोन्ही पार्ट पाठवतो म्हणाला.
तोवर आम्ही दोघी पाठीवर चादरी मारून गच्चीवर.
तारेवर पहिली टाकून शेवटची पिळेपर्यंत
पहिली कडक.
"एवढं फुकटचं ऊन असताना," लोचनाबाई,
"हा डबा कशाला घेतला गं सरकारनं?"
तेवढ्यात जिनिंगकडून वावटळ आली
आणि सगळ्या चादरींवर लालसर धूळ बसली.
त्यांनी पदरानं तोंड झाकलं.
"बरं, समजलं," म्हणाल्या.

सव्वासातला कंडक्टरनं खिडकीतून पुडकं दिलं,
मिठाईचा खोका, वर रबर.
नळी झाडली, तार काढली, दोन्ही पार्ट बसवले.
बटन दाबलं.
ड्रमनं एक आळस दिला आणि फिरायला लागला.
लोचनाबाई काचेवर तळवा ठेवून उभ्या,
ताप बघावा तशा.
"अजून नाही… अजून नाही… हां."

बिलावर मी लिहिलं:
फ्यूज, एक. थर्मोस्टॅट, एक. तार काढली, एक.
लहाने म्हणाले, तार काढल्याचे पैसे नसतात.
म्हटलं, माहीत आहे.
राहू द्या तिथं.