चांगला पाय आधी

उजव्याला सोनजे डॉक्टरांनी
स्नायू कापून वाट केली होती.
डाव्याला परवाच्या गुरुवारी गायधनींनी
स्नायू नुसता बाजूला सारला,
दाराचा पडदा सारावा तसा.

उजवा तेव्हा पाचव्या दिवशी गादीवरून सुटला,
उशी घामानं भिजलेली.
डावा दुसऱ्याच सकाळी,
प्रेसचा भोंगा वाजत होता तेव्हा,
वीतभर वर.

बत्तीस वर्षं त्या प्रेसमध्ये कागद मोजले,
आता अंश मोजते. सत्तर. पंच्याऐंशी.

फिजिओवाली शर्वाणी म्हणते,
डावा हुशार हं तुमचा!

रात्री बर्फाची पिशवी
जरा वेळ उजव्यावर ठेवते.
काही दुखत नाही त्याचं.

जेलरोडचा आमचा जिना, अठरा पायऱ्या.
चढताना चांगला पाय आधी, ती सांगते.
आणि बोट
उजव्याकडे दाखवते.