निळ्या मोजताना

दिंडोरीहून आलेल्या क्रेटमधले
मी बाहेरच्या ओळीचेच घड निवडते.
शरद सीडलेस, मावळतीच्या बाजूचे,
ज्यांना कागद बांधायचा राहून गेला.
ऊन खाल्लेल्या सालीत ते जास्त असतं,
कोठावदे मॅडम म्हणतात.
वहीत मी लिहिते: नमुना सात.

गर सिंधूबाई नेतात, सरबताला.
साल माझी.
वाळवायची, कुटायची, अल्कोहोलात भिजवायची,
आणि जांभळा अर्क बाटलीत उतरला
की बाटलीला चंदेरी कागद गुंडाळायचा,
कारण उजेडात तो नासतो.
उजेडापासून जो वाचवणार
त्यालाच आधी उजेडापासून वाचवा!
पहिल्या दिवशी मला हसूच आलं होतं.

नाना सातपूरला वेल्डर होते.
आर्कला ते अर्क म्हणायचे.
'आज अर्क लागला गं,'
रात्री दोनला उठून बसायचे, डोळ्यांत वाळू.
आई बटाट्याच्या चकत्या कापायची,
मी त्या पापण्यांवर धरायची,
गरम झाल्या की उलटायची.
काळ्या काचेचा मुखवटा होता की त्यांना.
पण टाका नेमका कुठे बसणार
ते काचेतून दिसायचं नाही,
म्हणून अर्धा क्षण उचलायचे.
अर्धा अर्धा क्षण, एकतीस वर्षं.
अर्क म्हणजे सूर्यसुद्धा,
हे मला आठवीच्या संस्कृतात कळलं.

इथे तबकडीत भिंगाच्या पेशी,
शहाबादी फरशीसारख्या एकीला एक लागून.
तीन तबकड्यांत अर्क, तीन नुसत्या.
अतिनील दिवा, झाकण बंद, चाळीस सेकंद.
उद्या सकाळी निळ्या रंगाचा एक थेंब.
जिवंत पेशी रंगाला दारातच थांबवते.
मेलेलीचं दार सताड उघडं,
ती निळी होते.

अर्काच्या तबकडीत एका चौकटीत अकरा.
नुसत्या तबकडीत
सत्तरच्या पुढे माझा अंगठा बटणावर थांबला,
परत पहिल्यापासून मोजलं.

मोतीबिंदू काढल्यावर नाना एकदा इथे आले,
दवाखान्याचा काळा चष्मा लावून.
'मग मी द्राक्षं खात जाऊ?'
'खा. गोड आहेत.
पण त्यानं डोळ्याला काही होईल
असं मी म्हणणार नाही.
तबकडी म्हणजे डोळा नाही, नाना.'
ते सूक्ष्मदर्शकावर वाकले, बराच वेळ.
'यांना का नाही घातलं काही?'
'तुलनेला लागतात.'
'हं. म्हणजे कुणीतरी नुसतं राहावं लागतं.'

मी काही बोलले नाही.
खाली त्र्यंबक रोडला जाणारी बस थांबून गेली.
निघताना त्यांनी दिव्याच्या पेटीवर हात ठेवला,
झाकणाची कडी दोनदा हलवून पाहिली,
यंत्र ओळखीचं असल्यासारखी.
'ढिली आहे. बदलून घे,' म्हणाले,
'आणि अर्धा क्षणसुद्धा उचलू नको.'