कमरेइतकी माती

आमच्या हा-मोखेथीची माती
दर पावसात घळीतून खाली उतरते,
तांबडी होऊन नदीला मिळते
आणि सरहद्द ओलांडते. तिला कुणी पासपोर्ट विचारत नाही.
पुरुषही तिकडेच जायचे, खाणींत.
ते निदान नाताळला परत यायचे.

मागं उरला पांढरा मुरूम.
कुदळ मारली की ठिणगी.
मका गुडघ्याएवढा, कणसात चार दाणे,
तेही एकमेकांशी न बोलणारे.

आई म्हणाली, गेलेली माती
शोधत कुठवर खाली जाणार?
इथंच वर रचू.

ऑगस्ट होता. वारं असं
की अंगावरच्या घोंगडीची पिन तुटावी.
आईच्या गुडघ्यांनी केव्हाच जवाब दिला होता,
म्हणून वाफा कमरेइतका हवा,
उभ्यानं हात पोचेल असा,
गोल, आणि एक फोड कापून घेतलेल्या भोपळ्यासारखा
एका बाजूनं उघडा, आत शिरायला.

त्शेकोनं दगड वाहिले. एकशे बारा, असं तो म्हणतो.
मी शहाऐंशीनंतर मोजणं सोडलं.

तळाशी डबे.
माशांचे रिकामे, चेपलेले डबे,
बाबा खाणीवरून आणायचे ते.
अठरा वर्षांत आईनं एकही फेकला नव्हता.
"गंजू देत. पालेभाजीला लोखंड लागतं."
त्यावर हाडं. त्यावर कोरफड चिरून;
माझे हात दोन दिवस कडू,
पापा खाल्ला तोही कडूच लागला.

बाबांच्या छातीतही थर होते.
शहरातल्या डॉक्टरनं काच उजेडावर धरून दाखवले,
दगडाची धूळ, वर्षावर वर्ष.
त्यात काही उगवणार नव्हतं.

मग शेण, आणि इथं भांडण झालं.
शेणी म्हणजे आमचं सरपण, डोंगरावर झाड नाही.
त्शेको म्हणाला, थंडीनं मरू.
आई म्हणाली, जाळल्यास तर रात्रभर ऊब,
पुरल्यास तर वर्षभर भाजी.
मेलेला माणूस भाजी खात नाही, तो म्हणाला.
शेवटी निम्म्या शेणी चुलीत, निम्म्या वाफ्यात,
आणि चुलीतली राख
रोज सकाळी, पुन्हा वाफ्यातच.
म्हणजे कोण जिंकलं ते बघा.

न्ताते सेकोटो काठी टेकत आले,
दगडांच्या गोलाभोवती एक फेरी मारली.
"कुणाचं थडगं बांधताय?"
आईनं मान वर केली नाही.
"ज्याचं बांधायचं होतं त्याचं बांधून झालं.
आलाच आहात तर तो धोंडा इकडे द्या."
त्यांनी दिला. मग संध्याकाळपर्यंत देतच राहिले.

गवत मात्र कमी पडलं.
शेजारच्या शेळ्यांनी आमच्या आधी हिशोब केला होता.
आई घरात गेली
आणि खिळ्यावरची बाबांची टोपी घेऊन आली,
टोकदार, विणलेली, लग्नात घातलेली.
आत उंदरानं घर केलं होतं.
तिनं ती झटकली, उसवली,
कडेपासून शेंड्यापर्यंत, वळसा वळसा,
आणि पसरली.
आम्ही काही बोललो नाही.
गवताचीच होती.
दुसऱ्या दिवशी त्या खिळ्यावर चाळणी होती.

मधोमध काठ्यांची उभी टोपली रोवली,
खरकटं तिच्यात, भांडी धुतलेलं पाणी तिच्यात.
माझं नाव दिकेलेदी, म्हणजे अश्रू.
आई मला हाक मारून म्हणायची,
"अश्रू, पाणी ओत,"
आणि रस्त्यावरून जाणारे हसायचे.

नोव्हेंबरात पहिली पानं निघाली,
माझ्या तळव्याहून रुंद, काळपट हिरवी.
न्ताते सेकोटोंनी एक जुडी नेली,
थडग्याचा विषय काढला नाही.

पण पुढच्या हिवाळ्यात पाहतो तर
वाफा वीतभर खचलेला.
त्शेको म्हणाला, बघ, हाही खाली चालला.
आईनं हात कोपरापर्यंत आत घातला,
मूठभर काळं, भुसभुशीत बाहेर काढलं, वास घेतला.
"जातोय कुठला? जेवतोय तो.
जेवणाऱ्याचं ताट रिकामं होणारच."

मग ती घरात आली
आणि काय काय गवताचं आहे ते पाहू लागली.
चटई पाहिली. केरसुणी पाहिली.
छपराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
"आई," त्शेको म्हणाला, "छप्पर नाही."