बशी उलटी करून

हॉटेलातल्या काउंटरवरच्या मुलीला विचारू नये.
ती नकाशावर पेनाने गोल काढते
आणि त्या गोलात मिळतो
आपल्यासारख्याच वाट चुकलेल्यांसाठी तळलेला बटाटा.
विचारावं चिखलाचे बूट घातलेल्याला,
रात्रपाळी करून निघालेल्या नर्सला;
त्या वेळची भूक खोटं बोलत नाही.

एवढं शहाणपण मला आलं
ते बऱ्याच गावांत पैसे देऊन उपाशी उठल्यावर.

विटा विकते मी, भट्टीत लावायच्या.
स्टोकला तीन दिवस होते.
पहिल्या रात्री यजमानांनी कौतुकाने करी खायला नेलं,
केशरी, गोडसर काहीतरी, माझ्याच देशाचं नाव लावून बसलेलं.
खाल्लं. छान आहे म्हटलं.
खोलीवर येऊन पिशवीतली शेंगदाण्याची चटणी चाटली.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला,
बर्सलेमच्या चढावर, थंडीने कान बधिर,
रस्ता झाडणाऱ्याला गाठलं.
पाहुण्यांना कुठे नेता, हे नाही विचारलं,
तुम्ही स्वतः कुठे खाता?
त्याने झाडू भिंतीला टेकवला.
थोडा वेळ माझ्याकडेच बघत राहिला.
मग हनुवटीने दाखवलं:
चर्चमागे, हिरवं दार. आठच्या आत जा.

चार टेबलं. काचांवर वाफ.
आणि तवा.
तवा म्हणजे केवढा! दोन माणसं पालथी झोपतील एवढा,
आणि त्यावर मगातून पीठ ओतणारी ग्लेनिस,
कोपरापर्यंत बाह्या सरसावलेली.
पीठ पसरलं, फुसफुसलं,
आणि त्याला जाळी पडली.

जाळी!
मी काउंटर धरून उभी राहिले.
कुडाळच्या आमच्या वहिनी जाळीवरून सून पारखायच्या,
आणि पहिलं घावन बिघडलं तर म्हणायच्या,
असू दे, पहिलं तव्याचं.

ओट्सचं पीठ, यीस्ट, पाणी, ग्लेनिस म्हणाली,
रात्रीच भिजवते. काय घालू आत, डक?
या गावात सगळ्यांना डकच म्हणतात.
बदक म्हणून हाक मारायची
आणि घडीत डुक्कर घालून द्यायचं,
वर चीज, ते कडेने ओघळतंय.
मी नाही म्हटलं नाही.
खमंग, किंचित आंबूस, मधोमध मऊ, काठाला कुरकुरीत.
बोलायचं सुचेना. तशी मी बडबडी आहे.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारा, नाव क्लिफर्ड.
त्याचं खाऊन झालं,
ब्रेडच्या तुकड्याने बशी पुसली
आणि सरळ उपडी केली.
मला धस्स झालं.
आमच्याकडे ताट उपडं होतं ते घासून झाल्यावर,
नाहीतर भांडण झाल्यावर.

पण तो बशीचं बूड वाचत होता.
तिथे निळा शिक्का होता, कारखान्याचा.
एकतीस वर्षं कडेला सोनेरी रेघ ओढली मी, म्हणाला,
श्वास धरून. रेघ संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही.
कारखाना गेला. आता तिथे गाद्या विकतात.
पण कुठेही खायला बसलो की आधी बूड बघतो.
बाहेरची बशी निघाली
तर चहा पिऊन उठतो.

म्हणजे याचाही एक नियम होता.
माझे सगळे नियम दाराबाहेरचे,
बूट, वास, रांग, वेळ.
याचा बशीखालचा.

मग मलाही राहवलं नाही.
मीही उलटी केली माझी बशी,
आत अर्धं उरलंय हे विसरून.
चीज मांडीवर, बेकन बुटावर,
आणि अख्खं दुकान, वाफेसकट, हसलं.
ग्लेनिस फडकं घेऊन आली, दुसऱ्या हातात नवं, गरम.
पैसे घेईना.
पहिलं बशीचं, डक, म्हणाली.
मी वहिनींचं काही सांगितलं नव्हतं तिला, शपथ.

शिक्का घासून पुसट झालेला.
मला वाचता येईना.
क्लिफर्डने बशी मागून घेतली,
चष्मा घातला नाही,
अंगठा फिरवला हळूच, डावीकडून उजवीकडे,
आणि म्हणाला, आमचीच.